ओसरीवरचे अंगठे

१

डर्क्सेंच्या चीज कारखान्यात वाफेची कढई फुटली आणि व्हर्न डर्क्से गळ्यापासून मांडीपर्यंत भाजून निघाला. शेबॉयगन गावभर ही बातमी पसरायला दुपार व्हावी लागली नाही. कढई कुणी बनवलेली, हेही कुणाला सांगावं लागलं नाही. असल्या कढया या भागात एकच कारखाना बनवतो, क्लेमे केटल वर्क्स, आणि गावातल्या निम्म्या चुली त्याच्या जिवावर पेटतात.

विमा कंपनीने चौकशीला मिलवॉकीहून लोर्ना पिव्होन्काला धाडलं. ती पेट्रोल भरत होती, तर शेजारच्या गाडीतल्या अनोळखी बाईने काच खाली करून विचारलं, "कुणाला लटकवणार?"

"आधी गाडी तरी लावू द्या बाई," लोर्ना म्हणाली.

लोर्ना साठीला टेकलेली, ठेंगणी, दिसायला शाळेतल्या स्वयंपाकीणबाईसारखी. तिची एक खोड होती. अपघाताबद्दल विचारण्याआधी ती माणसाला त्या दिवशी काय जेवलास ते विचारायची. खोटं बोलणारा अपघात घोकून येतो, जेवण घोकून येत नाही, असं तिचं म्हणणं. कचेरीतले तरणेबांड तपासनीस तिला यावरून हसायचे. हसू देत.

कारखान्याचा मालक लॉइड क्लेमे तिला थेट मोठ्या दालनात घेऊन गेला. समोरच्या भिंतीवर दाराएवढा पडदा. त्यावर सतत काहीतरी वर सरकत होतं. कुणाचा निरोप, कुणाचा फोटो, त्याखाली बदाम, टाळ्या, अंगठे.

"ही आमची ओसरी," लॉइड म्हणाला. "नाव पोरांनीच ठेवलं. तीन वर्षांपूर्वी मी ईमेल बंद केले, तीन-तीन सह्यांचे कागद बंद केले, भिंतीसुद्धा पाडल्या. आता जे काय बोलायचं ते इथे, सगळ्यांसमोर. मान्य असेल तर अंगठा द्यायचा. अंगठा म्हणजे सही. काम कसं पळायला लागलं म्हणून सांगू! जोडणीतली चूक पूर्वी महिन्याने कळायची, आता तासाभरात कळते."

"आणि ही चूक?"

लॉइडचा चेहरा पडला. त्याने पडदा मागे सरकवला. अपघाताच्या तीन आठवडे आधीचा शुक्रवार. निरोप पाठवणारा ग्लेन ऑटेन, उत्पादनप्रमुख.

'२१४ नंबरची कढई पाण्याच्या चाचणीशिवाय रवाना करतोय. पंप दुरुस्तीला गेलाय. चालेल ना? अंगठा द्या.'

खाली आठ अंगठे. बोट ठेवलं की नावं दिसत. पहिलंच नाव मार्लिस थीलेन.

"चाचणीप्रमुख," लॉइड म्हणाला. "पाणी भरून, दाब देऊन, तिने हो म्हटल्याशिवाय इथून झारासुद्धा बाहेर जात नाही. बाकीच्या सातांचं सोडा, ते हौशे-नवशे. पण तिने अंगठा दिला म्हणजे संपलं. बावीस वर्षं झाली हो तिला इथे. उद्या तिला काढतोय. पुढे कोर्टात काय व्हायचं ते होईल."

"काढायची घाई नको."

"काढाच," मागून आवाज आला.

दारात एक उंच, हडकुळी बाई उभी होती. डोळे सुजलेले. तिने पडद्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"अंगठा माझाच आहे, लॉइड. पण देवाशपथ सांगते, तो दिल्याचं मला आठवत नाही. मला वेड तरी लागलंय, नाहीतर मी माणूस मारायला निघाले होते."

२

मार्लिसच्या चाचणीच्या खोलीला भिंत होती, आवाजामुळे ठेवलेली. लोर्नाने दार लावून घेतलं.

"त्या शुक्रवारी काय जेवलात?"

मार्लिस बघतच राहिली. "कोण, मी? मासे. शुक्रवारी इकडे दुसरं काय खातं माणूस? वीज गेली होती त्या रात्री, काटे चाचपडत खाल्ले. पण त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. मला भूक लागली की मी विचारते. आता अंगठ्याचं बोला."

मार्लिसने खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. ठेवल्याठेवल्या तो दोनदा कुरकुरला.

"हे बघा. दिवसभर हेच. कुणाचा वाढदिवस, कुणाची गाडी वाटेत लावलीय, कुणाला हातमोजे हवेत. अंगठा नाही दिला तर विचारतात, मार्लिस रागावली का? म्हणून मी देते. डास मारावा तसा देते. दहातले नऊ नीट वाचतही नाही हल्ली." तिने फोन पालथा केला. "ग्लेनचा तो निरोप असाच न वाचता दाबला असेल का मी? रात्ररात्र हेच चाललंय डोक्यात. मी म्हणते नाही, आणि पडदा म्हणतो हो. आणि सगळं गाव पडद्याचं ऐकतंय."

"ती कढई तुमच्याकडे चाचणीला आलीच नाही, हे लक्षात नाही आलं?"

"पंप बंद होता ना. आठ-दहा कढया बाहेर खोळंबल्या होत्या. मला वाटलं, ही पण त्यातच असेल."

"डर्क्सेंना ओळखता?"

"अर्डिस डर्क्से आणि मी चर्चमध्ये शेजारी उभ्या राहून गातो. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर तिच्या घरचं जेवण यायचं." मार्लिसने नाक पुसलं. "मी मिलवॉकीला दवाखान्यात गेले होते. अर्डिसने दारातच अडवलं. तिला कुणीतरी फोनवर अंगठा दाखवला होता. म्हणाली, 'माझ्या ताटात जेवलीस ना तू?' बस्स, एवढंच. नोकरी जाऊ दे हो. पण मी हे खरंच केलं असेल, तर मला ते कळायला हवं. नसेल केलं, तरी कळायला हवं. नाहीतर मी जगू कशी?"

लोर्नाने तिच्या हातावर हात ठेवला. मग विचारलं, "तुमच्या संगणकयंत्रावर दुसरं कुणी बसतं?"

"उघडंच असतं ते. शेजारी फक्त चूआ बसतो, माझा दुय्यम. ओसरीच्या किल्ल्याही त्याच्याकडेच. म्हणजे कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, ते तो बघतो." तिला प्रश्नाचा रोख कळला तशी ती उसळली. "चूआ नाही हं! त्या लेकराला मी हाताला धरून काम शिकवलंय."

लोर्नाने पुन्हा नावं पाहिली. मार्लिस, दोन जोडारी, रंगकामवाला, हिशेबातल्या दोघी, माल पाठवणारा, आणि स्वागतकक्षातली डॉना. चाचणी खात्यात माणसं दोनच होती. एकीचा अंगठा पहिला होता. दुसऱ्याचा अंगठाच नव्हता.

३

"मला माहीत होतं, तुम्ही माझ्याकडेच येणार," चूआ लोर म्हणाला. तिशीतला, बारीक चणीचा, बोलणं शांत. "मार्लिस गेली की जागा मला. किल्ल्याही माझ्याकडे. मीही तुमच्या जागी असतो तर मलाच धरलं असतं."

"काय जेवलास त्या शुक्रवारी?"

"घरी. भात आणि आईच्या हातची आल्याची कोंबडी. हे लोक जातात ना मासे खायला, त्यात पिठातून मासा शोधावा लागतो. मी नाही जात."

लोर्नाला हसू आलं. "दुसऱ्याच्या नावाने अंगठा देता येतो तुला?"

"येतो. पण मी कुणाच्या नावाने आत शिरलो की त्याची नोंद राहते, आणि ती मलाही पुसता येत नाही. बघा." त्याने यंत्र तिच्याकडे वळवलं. "कुणी शिरलेलं नाही. आणि हे इथे बघा. मार्लिसचा अंगठा यंत्रावरून आलेलाच नाही. फोनवरून आलाय. तिच्या स्वतःच्या फोनवरून, आणि तो तिच्या खिशातून कधी बाहेर नसतो."

लोर्ना खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे अंगठा तिचाच."

"तिचाच." चूआने मान खाली घातली. "आठवडा झाला मी हे दाबून ठेवलंय. लॉइडने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिला वाचवायचा पुरावा शोधायला बसलो आणि हातात आला तो तिला बुडवायचा."

त्याचे डोळे भरले होते. त्याने ते मनगटाने पुसले. मग आपणहून सांगू लागला.

"तुम्हाला ओसरी म्हणजे पोरखेळ वाटत असेल. मला नाही वाटत. पूर्वी बैठका व्हायच्या. मोठ्या आवाजाचा माणूस बोलायचा, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. माझं बोलणं कुणी ऐकलंच नाही. ओसरी आली आणि मी लिहायला लागलो. जोडणीतला दोष मी लिहिला, सगळ्या कारखान्याने वाचला, लॉइडला बदल करावा लागला. त्या दिवसापासून मी इथला एक शब्द सोडत नाही. सगळं वाचतो. म्हणून तर डोकं चालेना."

"का?"

"तो निरोप मी वाचलाय. त्याच सकाळी. हे बघा, नोंद आहे. चाचणीशिवाय कढई चाललीय असं वाचून मी गप्प बसलो असतो? ओरडलो असतो हो! टेबलावर चढून ओरडलो असतो!"

"पण ओरडला नाहीस."

"नाही. आणि अंगठाही दिला नाही. वाचलं आणि पुढे गेलो." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी इतका नीच आहे का?"

लोर्ना यंत्राकडे वाकली. निरोपाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एक शब्द होता. तिने त्यावर बोट ठेवलं. 'बदललेला.'

"ते सगळीकडे असतं," चूआ म्हणाला. "कुणीही आपला निरोप मागाहून दुरुस्त करतं. आधी काय होतं, कधी बदललं, ते ही ओसरी दाखवत नाही. त्यासाठी महागातली घ्यावी लागते. लॉइडने नको म्हटलं."

४

ग्लेन ऑटेनने लोर्नासाठी कडक पावातला ब्रॅट, म्हणजे भाजलेला सॉसेज, मागवून ठेवला होता, कांदा आणि मोहरीसकट. चांगला भरदार माणूस. हात हातात घेतला की सोडायला वेळ लावणारा.

"दोष माझाच आहे," तो म्हणाला. "मी विचारायलाच नको होतं. पण आमच्याकडे पद्धतच अशी पडलीय, सगळ्यांना विचारून करायचं. मार्लिस नाही म्हणाली असती तर कढई हलली नसती. बिचारी! तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही मला."

"निरोप बदललेला दिसतोय."

"हो ना. कढईचा नंबर चुकला होता. लगेच दुरुस्त केला."

"त्या शुक्रवारी काय जेवलात?"

ग्लेन हसायला लागला. हसता हसता त्याने रुमालाने तोंड पुसलं. "महिना उलटून गेला, पिव्होन्काबाई. कुणाला आठवतंय?"

"खरंच," लोर्ना म्हणाली आणि ब्रॅट संपवला.

बाहेर पडताना ती स्वागतकक्षात डॉनाजवळ टेकली. गोलमटोल, बोलकी बाई. विषय निघताच ती रडकुंडीला आली.

"मला काय कळतंय हो वाफेतलं! मी कशाला असल्या गोष्टीला अंगठा देईन? पण आहे तिथे. लॉइडने दाखवला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वाटलं, दिला असेल. मी तर सगळ्यांनाच देते. ग्लेनचा निरोप म्हटल्यावर तर देतेच. गुणी माणूस हो! दर शुक्रवारी बेव्हच्या खानावळीतलं लांब टेबल तोच ठरवतो आमच्यासाठी."

"कसं ठरवतो?"

"म्हणजे काय? ओसरीवर हाक घालतो. येणाऱ्यांनी अंगठा द्यायचा."

लोर्नाने पर्स उचलली आणि तशीच उठली.

तोही शुक्रवारच होता. बेव्हची खानावळ संध्याकाळी गच्च भरली होती. ब्रँडीचा, तळणीचा आणि ओल्या कोटांचा वास. लोर्नाने पर्च मासा मागवला आणि बेव्ह बशी ठेवायला आली तेव्हा विचारलं, "तुमच्याकडे वीज गेली होती मध्ये?"

"गेली होती की! मेणबत्त्यांवर जेवले लोक. क्लेमेवाल्यांनी काय धुमाकूळ घातला होता त्या दिवशी! अंधारात ग्लेनने डॉनाच्या बशीतला शेवटचा तुकडा पळवला. ती त्याच्या मागे रुमाल घेऊन धावली."

"कोण कोण होतं?"

बेव्हने डोळे बारीक केले. ती माणसं पेल्यांवरून लक्षात ठेवायची. "मार्लिस, ब्रँडी गोड. दोघे जोडारी, बियर. रंगाचे डाग घेऊन येतो तो, बियरच. हिशेबातल्या दोघी, एक बाटली दोघींत. माल पाठवणारा पाणी पितो, बायकोला वचन दिलंय. डॉना. आणि ग्लेन."

लोर्नाचा काटा हवेतच राहिला. बेव्हने विचारलं, "मासा बरा नाही का?"

"मासा फक्कड आहे," लोर्ना म्हणाली आणि फोन काढून तिने चूआला गाठलं. "एक काम कर. ग्लेनची दर शुक्रवारची मासळीची हाक असते ना? वर्षभराच्या सगळ्या शोध."

बराच वेळ नुसती बटणांची खडखड ऐकू आली. मग चूआचा आवाज आला, पण एकदम बारीक.

"सगळ्या आहेत. एकही शुक्रवार सुटलेला नाही. फक्त तो एक नाही."

५

सोमवारी सकाळी मोठ्या दालनात सगळे जमले. लोर्नाच्याच सांगण्यावरून. मार्लिस भिंतीला टेकून उभी होती. उद्यापासून येऊ नकोस असं लॉइडने तिला सांगितलंच होतं, फक्त आजची सभा व्हायची होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. जो तो खाली मान घालून आपापला फोन बघत होता.

लोर्नालाही चूआने पाहुणी म्हणून ओसरीवर घेतलं होतं. तिने फोनवर काहीतरी लिहिलं आणि ते पडद्यावर उमटलं.

'दारात ताज्या चीजच्या तुकड्यांची मोठी पिशवी ठेवलीय. दाताखाली चुर्रचुर्र वाजणारे. कोणाकोणाला हवेत?'

लोकांना जरा मोकळं वाटलं. कुणीतरी हसलं. एकेक अंगठा उमटायला लागला. डॉनाचा, जोडाऱ्यांचा, हिशेबातल्या दोघींचा, लॉइडचा. ग्लेननेही हसत हसत दिला.

"झालं सगळ्यांचं?" लोर्नाने विचारलं. तिने फोनवर पुन्हा बोटं चालवली.

पडद्यावरचा निरोप बदलला. अंगठे जागच्या जागीच राहिले.

'व्हर्न डर्क्सेला ग्लेन ऑटेनने भाजलं. मान्य?'

खाली अंगठ्यांची रांग, आणि त्यात ग्लेनचा स्वतःचा. डॉनाने तोंडावर हात ठेवला.

पहिला बोलला तो ग्लेन. आवाज बऱ्यापैकी सांभाळला होता त्याने. "जादू छान आहे, बाई. पण असं करता येतं म्हणजे मी ते केलं, असं होत नाही."

"अजिबात होत नाही," लोर्ना म्हणाली. "म्हणून साधंच विचारते. त्या शुक्रवारी कुठे जेवलात?"

"आठवत नाही म्हणून सांगितलं ना."

"असं काय करतोस?" डॉना ओरडली. "बेव्हकडे! वीज गेली होती! माझा शेवटचा तुकडा खाल्लास तू!"

दोघेतिघे नकळत हसले आणि लगेच गप्प झाले. ग्लेनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"ज्या रात्रीची आठवण गावभर आहे, ती तेवढी तुम्हालाच नाही," लोर्ना म्हणाली. "बरं, राहू दे. टेबलाशी तुमच्याशिवाय आठ माणसं होती." तिने एकेक नाव घेतलं आणि प्रत्येक नावाला त्या माणसाकडे पाहिलं. "आणि कढईच्या निरोपाखाली अंगठेही आठ. तेच आठ. चाचणी टाळायला हरकत नाही असं म्हणणारी आणि मासे खायला गेलेली माणसं एक-एक करून तीच. हिशेबातल्या दोघींना कढईतलं काय कळतं? काही नाही. पण मासे आवडतात. चूआला कढईतलं सगळं कळतं, तो निरोप त्याने वाचलाही होता, आणि तरी तो गप्प बसला. का? कारण त्याने वाचलं त्यात ओरडण्यासारखं काही नव्हतंच. त्याला मासे नको होते. तो पुढे गेला."

चूआने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वर्षभरात प्रत्येक शुक्रवारी तुमची हाक आहे, ग्लेन. त्या शुक्रवारची नाही. तरी टेबल राखलेलं होतं, तुम्ही दुपारी बेव्हला फोन करून खुर्च्या सांगितल्या होत्या, तिनेच मला सांगितलं. किती जण येणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

ग्लेनने फोन खिशात टाकला.

"मी सांगते. अंगठे मोजून कळलं. हाक होती, आणि ती अजूनही इथेच आहे." तिने पडद्याकडे हात केला. "फक्त आतला मजकूर तेवढा वेगळा आहे. ओसरी बनवणाऱ्या कंपनीकडे जुना मजकूर असतो. वकिलांमार्फत आम्ही तो मागवतोच आहोत. येईल तेव्हा येईल. तोवर या बाईने चोरासारखं तोंड लपवून राहायचं, की तुम्ही आत्ताच बोलताय?"

ग्लेनने लॉइडकडे पाहिलं. अख्ख्या दालनात त्याला तेवढाच एक आधार दिसला असावा.

"तू रोज विचारत होतास," तो म्हणाला. "कढई गेली का, कढई गेली का. पंप येईना. शंभर कढयांत एक गळते. मी म्हटलं, जाऊ दे. कुणालाच नाही विचारलं मी. गेली ती गेली. आणि मग दवाखान्यातून फोन आला..." त्याने पडद्याकडे बोट केलं. "त्या दिवशीचा माझा एकच निरोप होता ओसरीवर. खाली कुणी काही लिहिलेलं नव्हतं. नुसते अंगठे. तोच बदलला."

"आणि पहिला माझा," मार्लिस म्हणाली.

"तुझा नसता तर त्याचा काही उपयोग नव्हता, मार्लिस."

इतकं सरळ म्हणाला तो. मार्लिसने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला मान वर करता येईना. मग ती मागे वळली आणि चाचणीच्या खोलीत निघून गेली. तिला वाट देताना लोक एकमेकांवर आदळले.

६

दुपारपर्यंत पोलिसांनी ग्लेनला नेलं होतं. लोर्नाने कागद आवरले आणि निरोप घ्यायला चाचणीच्या खोलीत डोकावली. मार्लिस पंपाशेजारी स्टुलावर बसली होती. टेबलावरचा फोन थांबायचं नाव घेत नव्हता.

"लॉइडने माफी मागितलीय," मार्लिस म्हणाली. "ओसरीवर. मोठा निरोप आहे, छान लिहिलाय. बदामांवर बदाम पडताहेत. अख्ख्या कारखान्याने दिले. सगळे भिंतीपलीकडेच आहेत गं. एकजणही दार उघडून आत आला नाही. चूआ तेवढा आला, तर त्याला रडूच आवरेना. शेवटी मीच त्याला पाणी दिलं."

"लाज वाटत असेल त्यांना."

"वाटू दे. पण लाज वाटली तरी पाय तर असतात ना माणसाला!" ती चिडून म्हणाली, आणि चिडल्यावर तिचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदाच माणसात आल्यासारखा दिसला. तिने फोन उचलला. बदामांकडे पाहिलंसुद्धा नाही. नंबर लावला आणि लोर्नाला हाताने थांब म्हणून सांगितलं.

पलीकडे फोन उचलला गेला.

"अर्डिस, मी मार्लिस. ठेवू नकोस. दोनच मिनिटं ऐक आणि मग हवं तर ठेव. तो अंगठा माझाच होता. पण मासे खायला येते म्हणून दिलेला. ग्लेनने वरचा मजकूर मागाहून बदलला. आज सगळ्यांसमोर कबूल केलंय त्याने. मी कढई सोडली नाही, अर्डिस. माझ्या हातून नाही झालं ते."

मार्लिसने फोन कानाशी घट्ट धरला. लोर्ना दाराला हात लावून तशीच उभी राहिली.

मग अर्डिसचा आवाज आला. खोली इतकी शांत होती की लोर्नालाही तो ऐकू आला.

"ग्लेन रोज यायचा गं इथे. व्हर्नच्या उशाशी बसायचा. अंगठा त्यानेच दाखवला मला. आणि माझा हात हातात धरून म्हणायचा, 'अर्डिस, मन मोठं कर, मार्लिसला माफ कर.'"

मार्लिसने डोळे मिटले.

"आणि मी त्याला म्हणायचे, मला नाही जमणार," अर्डिस म्हणाली. "तुला दारातून हाकललं मी. बावीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गाणाऱ्या बाईला. मी एकदाही म्हटलं नाही की मार्लिस असं करणार नाही."

"मीसुद्धा नाही म्हटलं," मार्लिस म्हणाली. "माझाही माझ्यावर विश्वास उरला नव्हता."

दोघीही रडत होत्या, आणि कुणी कुणाला थांबवत नव्हतं. थोड्या वेळाने अर्डिसने नाक ओढलं.

"व्हर्न कालपासून बोलतोय. तुझं विचारत होता. मी विषय बदलला. तू ये."

"कधी?"

"आत्ता ये, मार्लिस."

मार्लिसने फोन ठेवला आणि कोट शोधायला लागली. कोट अंगावरच होता. गाडीच्या किल्ल्या खिशातून काढताना त्या तिच्या हातून पडल्या, उचलल्या तर पुन्हा पडल्या. लोर्नाने वाकून त्या उचलल्या आणि आपल्या पर्समध्ये टाकल्या.

"मलाही मिलवॉकीलाच जायचंय, दवाखाना वाटेवरच आहे," ती म्हणाली. "चल, मी सोडते."

मोठ्या दालनातून जाताना मार्लिस कुणाशी बोलली नाही. लोक कामं थांबवून उठून उभे राहिले. डॉना धावत दारापर्यंत आली आणि तिच्या गळ्यात पडली. मार्लिसने तिच्या पाठीवर थोपटलं, अर्डिस वाट बघतेय म्हणून सांगितलं, आणि दोघी बाहेर पडल्या.